दुष्काळ कोणाच्या माथी?

सह्याद्री ओलांडून ढग पूर्वेला उतरतात तेव्हा त्यांच्यातले पाणी जवळपास संपलेले असते. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तिथून शंभरेक किलोमीटरवरच्या माण तालुक्यात पाचशेच्या आसपास. पुरंदर, इंदापूर, सांगोला, जत, कर्जत, आष्टी हे सगळे तालुके याच पर्जन्यछायेतले. इथला पाऊस कमी आहे आणि बेभरवशाचाही आहे. त्यामुळे पाऊस का पडला नाही आणि झालेले नुकसान कोणी सोसायचे, हे दोन प्रश्न दख्खनच्या लोकजीवनात फार जुने आहेत. हवामानबदलाचा दोष कोणाचा आणि त्यात एकेकट्या माणसाची जबाबदारी किती, याविषयी आज महाराष्ट्रात जी मते ऐकू येतात, ती या जुन्या प्रश्नांना मिळत गेलेल्या उत्तरांमधूनच घडली आहेत.

सर्वांत जुने उत्तर देवाकडे बोट दाखवणारे होते. मृग आणि आर्द्रा कोरडे गेले की गावोगाव धोंडी निघत असे. एखाद्या पोराच्या अंगाला कडुलिंबाचा पाला बांधायचा, त्याला वाजतगाजत घरोघर न्यायचे, प्रत्येक घरच्या बाईने त्याच्या डोक्यावर तांब्याभर पाणी ओतायचे आणि पसाभर धान्य द्यायचे. त्यानेही भागले नाही तर महादेव कोंडला जाई. गाभाऱ्याचा उंबरा मातीने लिंपून आत घागरींनी पाणी भरायचे आणि पाऊस येईपर्यंत पिंड पाण्यात बुडालेली ठेवायची. या प्रथेत नुसती विनवणी नाही, दटावणीही आहे. देवाने आपले काम केलेले नाही, तेव्हा त्याने ते करेपर्यंत गाव त्याला मोकळे सोडणार नाही, असा हा व्यवहार. घागर मात्र प्रत्येक घरातून आली पाहिजे, हा त्यातला दुसरा धागा. त्याच श्रद्धेची एक काळी बाजूही होती. गावात कोणीतरी पाप केले म्हणून पाऊस रुसला, असे एकदा ठरले की तो दोष हमखास गावातल्या दुबळ्या माणसावर जाऊन पडे.

धान्याचा प्रश्न आला की मात्र लोकांची नजर देवावरून राजाकडे वळे. १३९६ पासून बारा वर्षे टिकलेल्या दुर्गादेवीच्या दुष्काळाची आठवण परंपरेने जपली आहे. त्याहून लोकप्रिय आहे ती पंधराव्या शतकातल्या दामाजीपंतांची कथा. बहमनी राज्याचा हा मंगळवेढ्याचा अधिकारी सरकारी कोठारे भुकेल्यांसाठी खुली करतो आणि बादशहाच्या रोषातून त्याला सोडवायला विठोबा विठू महार होऊन धान्याची किंमत भरतो. कथा चमत्काराची असली तरी तिच्यातला न्याय स्पष्ट आहे. कोठारात धान्य असताना रयत मरत असेल तर दोष कोठाराच्या मालकाचा.

१६३० ते १६३२ च्या दुष्काळात हीच कसोटी मोगल बादशहाला लागली. शहाजहान तेव्हा दख्खनच्या मोहिमेसाठी बुऱ्हाणपुरात होता. अब्दुल हमीद लाहोरीच्या ‘बादशाहनामा’त लंगर उघडल्याच्या, दर सोमवारी पाच हजार रुपये वाटल्याच्या आणि महसुलात सूट दिल्याच्या नोंदी आहेत. त्याच्याच फौजेने महागाईत केवढी भर घातली, याचा हिशेब दरबारी इतिहासात सापडत नाही. देहूत तुकारामांची पहिली पत्नी आणि मुलगा या दुष्काळात गेले. परंपरा सांगते की पुढे त्यांनी घरच्या सावकारीतली आपल्या वाट्याची खते इंद्रायणीत बुडवली. एका कुटुंबाने स्वतःवर घेतलेल्या जबाबदारीचे मराठी स्मृतीतले सर्वांत ठळक उदाहरण बहुधा हेच. मात्र असे दान देणाऱ्याच्या मनावर अवलंबून होते. मागणाऱ्याला त्यावर हक्क सांगता येत नव्हता.

शिवाजी महाराजांच्या कारभारात याला नियमाचे रूप येऊ लागलेले दिसते. १६७६ च्या सप्टेंबरात प्रभावळीच्या सुभेदाराला पाठवलेल्या पत्रात बैल नसलेल्या कुणब्याला बैल, दाणा नसलेल्याला दाणा द्यावा आणि मुद्दल तेवढे जमेल तसे वसूल करावे, अशा अर्थाची आज्ञा आहे. १८०३-०४ चा दुष्काळ याच्या उलट टोकाचा. त्या वर्षी पावसाने ओढ दिली हे खरे, पण पुणे-अहमदनगरकडची पिके आणि धान्य होळकरांच्या फौजेने व पेंढाऱ्यांनी आधीच लुटले होते. लोकांनी त्या दुष्काळाचा दोष आभाळाला दिला नाही. तो होळकरांच्या नावावर जमा केला.

इंग्रजी अमलात दोषाची वाटणी बदलली. रयतवारी पद्धतीत सारा रोख, ठरल्या हप्त्याने भरायचा होता. पीक बुडाले की शेतकरी सावकाराच्या दारात जाई आणि खत कोर्टात गेले की जमीन जाई. १२ मे १८७५ रोजी सुपे गावात उसळलेल्या दंग्यात शेतकऱ्यांनी सर्वाधिक राग सावकारांच्या कागदपत्रांवर काढला, तो यामुळेच. सरकारी गोटात त्याच सुमारास वेगळे स्पष्टीकरण रूढ होते: जंगले तुटल्यामुळे पाऊस कमी झाला आणि जंगले तोडणारे डोंगरातले शेतकरी व आदिवासी आहेत. मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक अलेक्झांडर गिब्सन यांनी १८४० च्या दशकात फिरत्या शेतीवर निर्बंध आणताना असाच युक्तिवाद केला होता. झाडे गेली की माती वाहून जाते आणि झरे आटतात, हे निरीक्षण खरेच होते. पण जहाजबांधणीचे सागवान आणि रेल्वेचे स्लीपर ज्या जंगलांतून आले, ती तोड दोषाच्या यादीत फार खाली राहिली. १८७८ च्या वन कायद्याने दंड बसला तो चराईला आणि लाकूडफाट्याला. हवामानाच्या नावाने गरिबाच्या हातातली कुऱ्हाड काढून घ्यायची आणि मोठ्या गिऱ्हाइकाला हात लावायचा नाही, ही या प्रदेशातली जुनी रीत आहे. आजच्या वादांत शेतकऱ्याचा संशय इतक्या पटकन का जागा होतो, ते हा इतिहास वाचल्यावर समजते.

१८७६ ते १८७८ चा दुष्काळ मात्र या सगळ्या विचाराला कलाटणी देणारा ठरला. सोलापूर, अहमदनगर, पुणे, सातारा आणि आजच्या कर्नाटकातला विजापूरकडचा भाग होरपळला. मद्रास, म्हैसूर आणि हैदराबादही त्यात होते. सगळीकडचे मिळून मृत्यू पन्नास लाखांवर गेले. याच काळात हिंदुस्थानातून गहू इंग्लंडला जात होता आणि १ जानेवारी १८७७ रोजी दिल्लीत राणीला सम्राज्ञीपद जाहीर करणारा दरबार भरला होता. धान्याच्या व्यापारात सरकारने हात घालू नये, भाव चढले की माल आपोआप येईल, असे व्हाइसरॉय लिटन यांचे धोरण होते. त्यांनी दुष्काळी पाहणीसाठी सर रिचर्ड टेंपल यांना पाठवले. टेंपल यांनी १८७४ साली बिहारमध्ये ब्रह्मदेशाचा तांदूळ आणून लोक वाचवले होते आणि त्याबद्दल उधळपट्टीचा ठपका झेलला होता. या खेपेला त्यांनी हात आखडता घेतला. दुष्काळी कामावरच्या पुरुषाची मजुरी दिवसाला एक पौंड, म्हणजे साडेचारशे ग्रॅमच्या आसपास धान्य आणि वर किरकोळ पैसे, एवढ्यावर आली. दिवसभर खडी फोडणाऱ्या माणसाचे पोट त्यावर भरत नाही, हे सांगायला कोणा वैद्याची गरज नव्हती. मुंबई इलाख्यात लाखभर मजूर कामे सोडून निघून गेले. भुकेलेली माणसे मजुरी नाकारतात, ही गोष्ट सरकारला आडमुठेपणाची वाटली. मजुरांच्या लेखी तो मालकाला विचारलेला जाब होता.

हा जाब कागदावर आणण्याचे काम पुणे सार्वजनिक सभेने केले. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, यांच्या पुढाकाराने १८७० साली स्थापन झालेल्या या सभेने तालुक्यांतून माणसे नेमून माहिती गोळा केली: किती इंच पाऊस पडला, कोणते पीक किती आणे आले, बाजारात ज्वारी कोणत्या भावाने मिळते, किती गुरे विकली गेली, कोणते गाव ओस पडले. ही पत्रे एकामागून एक सरकारकडे जात राहिली. त्यांचा सूर अर्जाचा असला तरी मांडणी साक्षीपुराव्याची होती. पाऊस सरकारच्या हाती नाही. सारा, मजुरी आणि धान्याची वाहतूक मात्र सरकारच्याच हाती आहे, हे त्यांतून शाबीत होत गेले. आपत्ती आणि तिच्यातले मृत्यू यांची अशी फोड करणे हा एकोणिसाव्या शतकातल्या महाराष्ट्राने केलेला मोठा वैचारिक पराक्रम आहे.

सत्यशोधक समाजाने याच दुष्काळात पुण्याजवळ धनकवडीला उपाशी मुलांसाठी अन्नछत्र चालवले. सावित्रीबाई फुले यांनी एप्रिल १८७७ मध्ये ओतूरहून जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात जुन्नर भागातली उपासमार आणि सावकारांची नडवणूक नोंदवली आहे. जोतीरावांनी १८८३ मध्ये पूर्ण केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये दोषाची यादी सभेपेक्षा लांब आहे. गोरे अधिकारी, त्यांच्या हाताखालचे भट कामगार, गायराने गिळणारे जंगल खाते, कर्मकांडात शेतकऱ्याला नागवणारे पुरोहित आणि त्याचे स्वतःचे अज्ञान, यांतले काहीच त्यांनी सोडले नाही. शिवाय डोंगरउतारावर ताली-बंधारे घालून पाणी मुरवावे आणि त्या कामाला लष्कर व पोलिसांतली रिकामी माणसे लावावीत, असा व्यवहारी उपायही सांगितला.

या धुमाळीत एक शास्त्रीय स्पष्टीकरणही पुढे आले. १८७७ साली नॉर्मन लॉकियर आणि विल्यम हंटर यांनी सूर्यावरच्या डागांचे अकरा वर्षांचे चक्र आणि हिंदुस्थानातले दुष्काळ यांचा संबंध मांडला. दोन वर्षांपूर्वीच स्थापन झालेल्या हवामान खात्याचे प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड हिमालयातल्या बर्फाकडे पाहत होते आणि त्या आधारावर त्यांनी मान्सूनचे पहिले अंदाज वर्तवले. पुढे गिल्बर्ट वॉकर यांनी प्रशांत महासागरावरच्या हवेच्या दाबाच्या हेलकाव्यांशी मान्सूनचे नाते दाखवले. १८७६-७८ च्या मागे प्रबळ एल निनो होता, हे आता मान्य आहे. डागांचा सिद्धांत टिकला नाही. पण ज्याला दोष आकाशस्थ कारणांवर ढकलायचा होता, त्याच्या तो तेव्हा चांगलाच उपयोगी पडला. निसर्गातले कारण सापडले म्हणून माणसाची जबाबदारी संपत नाही, हे सभेच्या कागदांनी आधीच दाखवून दिले होते.

१८८० च्या दुष्काळ आयोगानंतर दुष्काळ संहिता आल्या. कोणत्या लक्षणांवर दुष्काळ जाहीर करायचा, काम कुठे काढायचे, मजुरी किती, सारा कधी तहकूब करायचा, हे प्रथमच लिहिले गेले. १८९६ चा दुष्काळ पडला तेव्हा टिळक आणि सार्वजनिक सभेने या नियमांची माहिती देणारी मराठी पत्रके खेड्यांत वाटली आणि ‘केसरी’ने पीक बुडाले असेल तर सारा भरू नका असे सांगितले. नियम सरकारचेच होते. ते शेतकऱ्याला वाचून दाखवणे हा सरकारच्या मते गुन्हा ठरला आणि १८९७ साली सभेची मान्यता काढून घेतली गेली. दादाभाई नौरोजी तोवर दोषाचा हिशेब थेट लंडनपर्यंत नेऊन पोचले होते. देशातली संपत्ती बाहेर वाहून जाते म्हणून पावसाचा एक खंडही लोकांना मारतो, ही त्यांची मांडणी पुढच्या शतकातल्या एका वादाची पूर्वसूचना आहे.

दुष्काळावर उतारा म्हणून काढलेल्या कालव्यांनी मात्र नवा पेच उभा केला. १८७६ च्या दुष्काळी कामांतून आकाराला आलेला नीरा डावा कालवा ज्वारी-बाजरी वाचवण्यासाठी होता. पाऊस बरा झाला की शेतकरी पाणी घेईनात आणि कालव्याचा खर्च निघेना. पाणी मग उसाकडे गेले. १९५० मध्ये प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना सुरू झाल्यावर ऊस ग्रामीण सत्तेचाच कणा बनला. लागवडीखालच्या जमिनीचा चार टक्क्यांच्या आसपास भाग व्यापणारे हे पीक राज्याच्या सिंचनाचे सत्तर टक्क्यांच्या घरात पाणी घेते, असे केंद्राच्या कृषिमूल्य आयोगाने नोंदवले आहे. इंग्रज गेल्यानंतर पाण्याच्या टंचाईचा दोष असा घरातच येऊन बसला.

१९७२ च्या दुष्काळात जुन्या मागणीला कायद्याचे रूप आले. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी सांगली जिल्ह्यात विसापूर येथे आधी करून पाहिलेली रोजगार हमीची योजना राज्यभर लागू झाली. मे १९७३ मध्ये दुष्काळी कामांवर पन्नास लाखांच्या आसपास माणसे होती. पाझर तलाव, नाला बंडिंग, रस्त्याची खडी आणि मुलांना सुकडी, ही त्या पिढीची आठवण. मजुरी वाढवा, काम गावाजवळ काढा, यासाठी मोर्चे निघाले आणि मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्यासह हजारो बाया महागाईविरुद्ध लाटणी घेऊन उतरल्या. २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आलेल्या रोजगार हमी कायद्याने काम मागणाऱ्याला पंधरा दिवसांत काम, नाहीतर बेकारी भत्ता, असे बंधन सरकारवर घातले. त्यासाठीचा पैसा शहरातल्या नोकरदारांच्या पगारातून कापलेल्या व्यवसायकरातून येई. दुष्काळाची झळ न लागलेल्याने झळ लागलेल्याचा खर्च उचलावा, हे तत्त्व इतक्या सरळपणे जगात फार थोड्या ठिकाणी कायद्यात उतरले असेल.

गावाने आपली जबाबदारी कशी उचलावी, याचे उत्तर त्याच दुष्काळातून पुरंदर तालुक्यात मिळाले. नायगावला विलासराव साळुंखे यांनी सुरू केलेल्या पाणी पंचायतीत पाणी जमिनीच्या प्रमाणात दिले जात नसे. कुटुंबात जितकी माणसे तितका वाटा: माणशी अर्धा एकर भिजेल एवढे पाणी, एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांपुरते. भूमिहीनालाही वाटा होता. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क जमिनीबरोबर जात नसे. ऊस लावायला बंदी होती आणि खर्चातला काही भाग सभासदांनी आधी भरायचा होता. पुढे हिवरे बाजारनेही ऊस आणि शेतीसाठीच्या बोअरवेल यांवर बंदी घालून दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडण्याची पद्धत आणली. इथे जबाबदारी एकेकट्याच्या सद्‌बुद्धीवर सोडलेली नव्हती; नियम सगळ्यांना सारखा होता, म्हणून तो पाळला गेला.

योगायोग असा की महाराष्ट्र होरपळत होता त्याच १९७२ च्या जूनमध्ये इंदिरा गांधी स्टॉकहोमच्या परिषदेत गरिबी आणि पर्यावरण यांचा संबंध जगाला सांगत होत्या. १९९० मध्ये अमेरिकेतल्या वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूटने भारताला मोठ्या प्रदूषकांच्या यादीत बसवले, तेव्हा अनिल अगरवाल आणि सुनीता नारायण यांनी १९९१ साली त्याला सडेतोड उत्तर दिले. धानाच्या खाचरातला मिथेन आणि मोटारीच्या धुराड्यातला कार्बन एकाच तराजूत घालता येत नाही. एक पोटासाठी आहे, दुसरा चैनीसाठी. १९९२ च्या रिओ परिषदेने जबाबदारी सर्वांची, पण ज्याच्या त्याच्या वाट्याने, हे तत्त्व स्वीकारले. दादाभाईंचा हिशेब वाचलेल्या समाजाला हा युक्तिवाद परका वाटला नाही.

सामान्य माणसाला मात्र हवामानबदल या नावाने ही गोष्ट फार उशिरा कळली. येल विद्यापीठाच्या अभ्यासकांनी २०११ च्या अखेरीस भारतात केलेल्या पाहणीत ४१ टक्के लोकांनी जागतिक तापमानवाढीविषयी काही ऐकले नव्हते किंवा त्यांना सांगता आले नाही. अर्थ समजावल्यावर ७२ टक्क्यांनी ती होत असल्याचे मान्य केले. दहा वर्षांनंतरच्या पाहणीत हे प्रमाण ८४ टक्के झाले आणि ती मुख्यतः माणसामुळे होते असे ५७ टक्क्यांनी सांगितले. ऋतुमान बदलले, हे शेतकरी त्याआधीपासून म्हणत होताच. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेच्या नेतृत्वाखाली २०१७ साली झालेल्या संशोधनाने मध्य भारतातल्या अतिवृष्टीच्या घटना १९५० नंतर तिपटीने वाढल्याचे दाखवून त्याला आधार दिला. नाव ठाऊक नसेल तेव्हा दोष भलतीकडेही जातो. एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दुष्काळात सातारा-सांगलीकडच्या पठारांवर पवनचक्क्या ढग पळवतात, अशी समजूत पसरली होती. त्याला विज्ञानाचा आधार नव्हता. पण जमीन गावाची, वीज आणि नफा दुसऱ्याचा, ही त्यामागची तक्रार खोटी नव्हती.

२०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले. पहिल्या गाडीत पाच लाख लिटर पाणी होते. त्याच एप्रिलमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने महिनाअखेरनंतरचे आयपीएलचे सामने राज्याबाहेर हलवायला सांगितले. मैदानावर पाणी मारणे डोळ्यांना खुपते, आणि ते थांबले हे योग्यच झाले. परंतु लातूर-उस्मानाबादकडच्या कारखान्यांनी त्या हंगामात गाळलेल्या उसाच्या पाण्यापुढे ते नगण्य होते. दिसणाऱ्या दोषावर आदेश निघाला, सत्तेशी बांधलेल्या दोषावर निघाला नाही.

व्यक्तीच्या जबाबदारीची भाषा याच काळात रुळली. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ब्रिटिश पेट्रोलियम या तेलकंपनीने आपल्या जाहिरातींतून प्रत्येकाला स्वतःच्या कार्बनचा हिशेब मांडायला शिकवले. भारताने ऑक्टोबर २०२२ मध्ये केवडियात ‘लाइफ’ अभियान सुरू करून दिवा बंद करणे, नळ बंद करणे, सार्वजनिक वाहन वापरणे अशा सवयींवर भर दिला. या सवयी चांगल्याच आहेत, आणि मराठी घरांत काटकसर म्हणून त्या पूर्वीपासून आहेत. भारतीय माणसामागे वर्षाला दोन टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, अमेरिकी माणसामागे त्याच्या सातपट. पण सरासरीच्या पोटात विमानाने फिरणारा मुंबईकर आणि आष्टीतून ऊसतोडीला जाणारे जोडपे एकत्र मोजले जाते. ज्याचा वाटा सर्वांत कमी, त्याच्याच शेतावर गारपीट आणि दुष्काळ पाळीपाळीने येतात.

मार्च २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माळढोक पक्षी आणि राजस्थान-गुजरातमधल्या वीजवाहिन्या यांच्या खटल्यात हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहण्याचा नागरिकांचा हक्क राज्यघटनेच्या चौदाव्या व एकविसाव्या अनुच्छेदांत शोधला. जुलै २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने हवामानाचे रक्षण हे राष्ट्रांचे कायदेशीर कर्तव्य आहे आणि ते मोडल्यास भरपाईही द्यावी लागू शकते, असे मत दिले. दुष्काळ संहितेत सारा तहकुबीचे कलम होते, रोजगार हमीत पंधरा दिवसांची मुदत होती. हवामानबदलाने पीक गेलेल्या शेतकऱ्याने कोणत्या कचेरीत, कोणाविरुद्ध आणि किती दिवसांच्या मुदतीने दाद मागायची, हे लिहिलेला कायदा भारतात अजून झालेला नाही.